विरजण हलवायचं नाही

आमच्या फ्रीजच्या दारावर एक निळी चिकटपट्टी अजून तशीच आहे. लेकीने तिच्यावर इंग्रजीत लिहिलंय, "पृथ्वी ३, हलवू नका." त्याखाली तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, मराठीत भर घातलीये, "वास घेऊ नये." पट्टीखालची नळी कधीच कचऱ्यात गेली. पट्टी काढायला जीव होत नाही, आणि खरं सांगायचं तर ती निघतही नाही.

झालं असं, की सप्टेंबरात लेकीच्या शाळेतून एक पत्र आलं. इथे न्यू जर्सीत शाळेची पत्रं रोजचीच. डोक्यातल्या उवा, केक विकून निधी, हरवलेले डबे. त्यामुळे मी ते अर्धंच वाचून ठेवलं होतं. बायकोने पूर्ण वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं. सातवीच्या मुलांनी गटागटाने प्रयोग सुचवायचे, त्यातला एक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर जाणार. चित्र किंवा निबंध नाही, खराखुरा प्रयोग, रॉकेटमध्ये बसून. मी कराडला सातवीत होतो तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली ज्या सरांकडे, ते कायम जनगणनेच्या नाहीतर निवडणुकीच्या कामावर. लिटमस कागद मी पहिल्यांदा हातात धरला तो अकरावीत.

कार्यक्रमाचं नाव स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्सपेरिमेंट्स प्रोग्रॅम. सगळे एसएसईपी म्हणतात. २०१० पासून अमेरिकेत चालू आहे. पाचवीपासून थेट कॉलेजपर्यंतची मुलं यात येतात. एका गावातल्या किंवा एका जिल्ह्यातल्या शाळांनी मिळून भाग घ्यायचा, साधारण नऊ आठवड्यांत मुलांनी प्रस्ताव लिहायचे. स्थानिक परीक्षक त्यातले तीन निवडतात आणि देशपातळीवरचे परीक्षक त्या तिनांतला एक. बाकीचे प्रस्ताव, मग ते पन्नास असोत की पाचशे, जमिनीवर राहतात. शास्त्रज्ञांचंही असंच असतं म्हणे, त्यांचेही बहुतेक प्रस्ताव कपाटातच राहतात. मुलांना ते आधीच कळलेलं बरं, असा त्यामागचा विचार असावा.

आता त्या अवकाशी प्रयोगशाळेबद्दल. ती म्हणजे सिलिकॉनची एक नळी. वीतभराहून आखूड, करंगळीएवढी जाड, आत जेमतेम दोन चहाचे चमचे मावतील एवढी जागा. त्यावर दोन चिमटे लावले की नळीचे तीन कप्पे होतात. पहिल्या कप्प्यात एक वस्तू, दुसऱ्यात दुसरी, तिसऱ्यात तिसरी. वर गेल्यावर अंतराळवीर काय करणार? चिमटा काढणार. आणि तुम्ही लिहून दिलं असेल तर नळी हलवणार, हळू किंवा जोरात. संपलं. वीज नाही, दिवा नाही, कॅमेरा नाही. आणि हेसुद्धा ठरलेल्या दिवशीच: यान पोचलं तो दिवस, त्यानंतरचा दुसरा दिवस, मग एकदम परतीच्या चौदा, पाच आणि दोन दिवस आधी. मंगळवारी मूड आला म्हणून चिमटा काढा, असं चालत नाही.

हे नियम ऐकून माझा पहिला विचार होता, एवढ्यात काय होणार. तीन आठवड्यांनी वाटायला लागलं की मुलांना रिकामं शेत देण्यापेक्षा हा वाफा दिला तेच बरं केलं.

लेकीच्या गटात तिघं. ती, तिची कोरियन मैत्रीण आणि शेजारच्या गल्लीतला एक ताडमाड मुलगा, जो आमच्या घरी आला की आधी बिस्किटांचा डबा शोधायचा. पहिल्या आठवड्यात ठरलं हॅमस्टर पाठवायचा. मग नळीचा व्यास कळला. मग पॉपकॉर्न. मग वीज नाही हे कळलं. मुलाचं म्हणणं खिळ्याला गंज चढवू. मैत्रिणीचं म्हणणं किमची. किमचीवर बराच वेळ चर्चा झाली, पण कोबी किती बारीक चिरला तर करंगळीएवढ्या नळीत जाईल याचा हिशेब जमेना.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. ती ओट्यापाशी उभी राहून कोमट दुधात विरजण घालत होती. रोज रात्रीचं काम. मुलं टेबलाशी भांडत होती. ताडमाड मुलाने विचारलं, ही काय करतेय? लेकीने सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे एका भांड्यातलं थोडंसं दुसऱ्यात घालायचं, आणि मग काहीच करायचं नाही? सकाळपर्यंत आपोआप?

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

आईने काय चाललंय ते विचारलं. मी सांगितलं की तुझं दही अवकाशात पाठवायचं म्हणतायत. तिने पातेल्यावर ताटली ठेवली, वर जुनी लोकरीची टोपी चढवली आणि म्हणाली, "पाठवा की. पण त्यास्नी सांगा, विरजण लावल्यावर हलवायचं न्हाई." आम्ही सगळे हसलो. वहीत मात्र कुणीच काही लिहिलं नाही.

मग खरी मजा सुरू झाली. पहिल्या मसुद्यात मुलांनी लिहिलं होतं, "अवकाशात गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे..." बाईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. मलाही गंमत वाटली, कारण मीही तेच लिहिलं असतं. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर फिरतं आणि तिथे पृथ्वीची ओढ इथल्यापेक्षा फार कमी नसते, नव्वद टक्क्यांच्या आसपास. फरक एवढाच की स्थानक, त्यातली माणसं, त्यांची नळी सगळं एकत्र पडत असतं, ताशी सुमारे २८,००० किलोमीटरच्या वेगाने, आणि पडता पडता पृथ्वीला चुकवत असतं. मी लेकीला आमच्या मळ्यातल्या विहिरीचं सांगितलं. रहाटाचा दोर तुटला की घागर आणि घागरीतलं पाणी एकाच वेगाने खाली जातं, त्या क्षणी पाण्याचा भार घागरीच्या बुडावर नसतो. तिने विचारलं, रहाट म्हणजे काय. मग रहाटाचं चित्र काढण्यात अर्धा तास गेला.

भार नसला की काय काय होत नाही, याची यादी मुलांनी बाईंबरोबर केली. जड वस्तू खाली बसत नाही. हलकी वर येत नाही. गरम पाणी वर चढून गार पाण्याला जागा देत नाही. लेक ही यादी आजीला मराठीत समजावत होती, आणि मध्येच थांबून मला म्हणाली, बाबा, म्हणजे साय येणार नाही. बरोबरच होतं. साय म्हणजे दुधातली हलकी स्निग्धता वर तरंगून येते, तरंगणंच नसेल तर साय कुठली? आईने हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, साय न्हाई तर ते दूध कसलं, मग लोणी कशाचं काढतात तिथं?

बाईंनी त्यांना एक प्रश्न विचारला, तो मला अजून आठवतो: अवकाशात दही लागेल का, याचं उत्तर हो आलं तर काय कळेल आणि नाही आलं तर काय कळेल? मुलं गप्प. नाही आलं तर विरजण मेलं होतं की थंडी होती की कप्पा नीट उघडलाच नाही, काहीच सांगता येणार नाही. म्हणजे प्रश्नच कच्चा. दोन आठवडे त्यांनी नुसता प्रश्न घासला. शेवटी तो असा झाला. दुधातली साखर खाऊन जीवाणू आम्ल करतात, आम्लता एका पातळीला आली, पीएच ४.६ च्या आसपास, की दुधातलं केसीन हे प्रथिन एकमेकांना धरून जाळं विणतं आणि पाणी त्यात अडकून राहतं. हेच दही. इथे त्या जाळ्यावर त्याचा स्वतःचा भार असतो, म्हणून ते हळूहळू खचतं, पाणी सुटतं. भारच नसेल तर जाळं वेगळं विणलं जाईल का, जास्त एकसारखं? परत आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही जाळी शेजारी ठेवून बघायची, एक वरचं आणि एक त्याच वेळी शाळेत लावलेलं.

सातवीतल्या मुलांनी हे लिहिलं. मी बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढली आहेत आणि आमच्या मोठमोठ्या मीटिंगांत इतका घासलेला प्रश्न मी फार वेळा ऐकलेला नाही.

पुढच्या अडचणी सगळ्या स्वयंपाकघरातल्या. नळी शाळेतून निघून वर पोचेपर्यंत दिवसच्या दिवस जाणार, तोवर पातळ दूध टिकवायचं कसं? म्हणून दुधाची पावडर. विरजणही कोरडं हवं. इथे चीज करणाऱ्यांसाठी वाळवलेल्या विरजणाच्या पुड्या मिळतात. बाजारातल्या योगर्टचे जीवाणू चाळीस-बेचाळीस अंशांची ऊब मागतात आणि स्थानकात साधारण बावीस-तेवीस अंश. पण ताकासाठीच्या पुडीतले जीवाणू तेवढ्यातही काम करतात, फक्त सावकाश. आई म्हणाली, कराडला डिसेंबरात बी दही उशिरा लागतं, त्यात काय. तर पहिल्या कप्प्यात निर्जंतुक पाणी, दुसऱ्यात पावडर आणि विरजण, तिसऱ्यात फॉर्मॅलिन, म्हणजे जीवाणू मारून नमुना आहे तसा टिकवणारं विषारी रसायन. पोचल्या दिवशी पहिला चिमटा काढून जोरात हलवायचं, दही लागायला सुरुवात. परतायच्या दोन दिवस आधी दुसरा चिमटा काढायचा, फॉर्मॅलिनने सगळं जागच्या जागी थिजवायचं. हे थिजवणं गरजेचं, कारण परत येताना यान समुद्रात आपटतं, नळी पुन्हा भाराखाली येते, आणि वर काय विणलं गेलं होतं त्याचा पुरावाच खचून जाईल.

याआधी कुणी असं काही केलंय का, हेही प्रस्तावात लिहावं लागतं. ते शोधायला मी बसलो. जपानची याकुल्ट कंपनी आणि तिथली अवकाशसंस्था जाक्सा यांनी पोटातल्या चांगल्या जीवाणूंवर काम केल्याचं सापडलं, ते मुलांना दिलं. मी मात्र वाचत वाचत भलतीकडेच गेलो. १९७३ साली स्कायलॅब या अमेरिकेच्या अवकाश स्थानकावर अ‍ॅराबेला आणि अनिता नावाचे दोन कोळी गेले होते, ते मॅसॅच्युसेट्सच्या लेक्सिंग्टनमधल्या ज्युडिथ माइल्स या सतरा वर्षांच्या मुलीच्या प्रयोगासाठी. भार नसताना कोळी जाळं विणतो का, एवढाच तिचा प्रश्न. देशभरातून तीन हजारांवर प्रस्ताव आले होते, त्यातून पंचवीस निवडले, त्यात हा. अ‍ॅराबेलाची पहिली जाळी वेडीवाकडी झाली, मग तिला जमलं. धागे मात्र कुठे जाड, कुठे बारीक. लेक म्हणाली, तिचंही जाळं, आमचंही जाळं.

दुसरी गोष्ट मी तिला त्या रात्री सांगितली नाही. १ फेब्रुवारी २००३, शनिवार. मी सांगलीला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात होतो. संध्याकाळी मेसमध्ये टीव्ही लागला होता. आमटी वाढणारा मामा पळी हातात धरून तसाच उभा राहिला. कोलंबिया. कल्पना चावला. आकाशात त्या पांढऱ्या रेघा. पुढचे कितीतरी दिवस आम्ही तेवढंच बोलत होतो. त्या यानात सहा देशांतल्या शाळकरी मुलांचे प्रयोगही होते, हे मला इतक्या वर्षांनी, मुलीचा गृहपाठ करताना कळलं. ऑस्ट्रेलियातल्या मुलांचे कोळी, चीनचे रेशीमकिडे, जपानचे मासे, लिख्टनश्टाइनचे लाकूड पोखरणारे भुंगे, अमेरिकेच्या मुंग्या, इस्रायलच्या मुलांचे रसायनांचे स्फटिक. सोळा दिवस ती मुलं आपापल्या वर्गात त्या किड्या-मुंग्यांची वाट बघत होती. सात माणसं गेल्यावर कोळ्यांबद्दल कोण बोलणार, आणि बोलूही नये. पण त्या मुलांनी सोमवारी शाळेत काय केलं असेल, हे डोक्यातून जाईना.

एसएसईपीलाही हे भोगावं लागलंय, माणसांशिवायचं, नशीब. २८ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून अँटारेस रॉकेट सुटलं आणि काही सेकंदांतच परत खाली येऊन फुटलं. त्यात या कार्यक्रमाचे अठरा प्रयोग होते. मुलांनी नळ्या पुन्हा भरल्या, आणि जानेवारीत दुसऱ्या रॉकेटने त्या वर गेल्याही. मग जून २०१५ मध्ये स्पेसएक्सचं रॉकेट सुटल्यावर दोन-सव्वादोन मिनिटांत हवेत तुटलं, त्यातही मुलांचे प्रयोग. मी हे माझ्या भावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, अरे, आपल्याकडेही झालं की. ७५ शाळांच्या ७५० मुलींनी मिळून केलेला आझादीसॅट, ऑगस्ट २०२२, इस्रोच्या नव्या छोट्या रॉकेटचं पहिलंच उड्डाण, आणि उपग्रह चुकीच्या कक्षेत सोडला गेला. सहा महिन्यांनी त्यांनी दुसरा पाठवला, तो नीट गेला. भावाला हे तोंडपाठ. भूगोलाचा मास्तर आहे तो, वर्गात सांगत असणार.

तर नोव्हेंबरात प्रस्ताव गेला. पाच पानं. आणि त्यानंतर, म्हणजे पंधरा दिवस आधी करायला हवं होतं ते, आम्ही घरी करून बघितलं. नळ्या उशिरा आल्या, दुसरं काय. मी सिलिकॉनची नळी आणि चिमटे घरी बिअर करणाऱ्यांच्या दुकानातून मागवले होते. फॉर्मॅलिन घरात आणायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आईने बीट किसून पिळून दिलं. तिसऱ्या कप्प्यात बीटाचं लाल पाणी. तीन नळ्या भरल्या, चिमटे लावले आणि सगळ्यांना दिसाव्यात म्हणून फ्रीजच्या दारावर बाहेरून चिकटवल्या. दिवसातून चाळीसदा उघडणाऱ्या दारावर. दुसऱ्या दिवशी आईनेच त्या काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवल्या. पट्टी तेव्हापासून दारावर राहिली.

पहिला चिमटा काढला, हलवलं, दोन दिवसांत दही लागलं. नळी उभी धरली तर सरकत नव्हतं. छान घट्ट, पांढरं. मग दुसरा चिमटा काढायचा दिवस. पहिल्या नळीत चिमटा काढला आणि हलवलं नाही. बीटाचा रंग दह्यात शिरायला लागला, पण कसा, एखाद्या जुन्या भिंतीत ओल चढावी तसा. दोन दिवसांनी पट्टीने मोजलं, दोन सेंटीमीटरही नाही. पलीकडचं दही पांढरंच. म्हणजे तिथे फॉर्मॅलिन असतं तर तिथवर पोचलंच नसतं, जीवाणू आपलं काम करत राहिले असते. दुसऱ्या नळीत हळू हलवलं, तिसरीत जोरात. रंग सगळीकडे गेला. आणि दह्याचं झालं गुलाबी ताक.

ताडमाड मुलगा नळी दिव्यासमोर धरून बघत होता. बिस्किटांचा डबा उघडा होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. हलवलं तर जाळं तुटतं. नाही हलवलं तर थिजत नाही. आणि आपण जाळंच बघायला निघालो होतो.

कोरियन मैत्रीण म्हणाली, प्रस्तावात तर आपण लिहिलंय, हळू हलवा.

लेक आजीकडे वळली. आई पोळ्या लाटत होती. तिने पोळी तव्यावर टाकली, हात पुसला, नळी घेतली, एकदा आडवी केली, एकदा उभी. "हलवलं न्हवं? मग पाणी सुटणारच. पहिल्या दिवशीच सांगितलंतं." तिच्या आवाजात जिंकल्याबिंकल्याचं काही नव्हतं. लेकीने वही उघडून मागची पानं चाळली. कुठे काही सापडणार नव्हतं, लिहिलंच नव्हतं तर.

डिसेंबरात निकाल आला. पहिल्या तिनांत त्यांचं नाव होतं, अंतिम निवड दुसऱ्या गटाची झाली, आठवीतल्या मुलींची. त्यांचा प्रयोग बियांवरचा, नीटस, आणि त्यात हलवल्याने काही बिघडत नव्हतं. आमच्या गटाला परीक्षकांची टिपणं मिळाली. कौतुक बरंच, आणि खाली एक प्रश्न: फॉर्मॅलिन मिसळताना दह्याची रचना मोडणार नाही, याची काय व्यवस्था? लेकीने तो कागद टेबलावर ठेवला आणि खोलीत गेली. दार आपटलं नाही. तासाभराने बाहेर येऊन तिने कागदाचा फोटो काढला आणि आजीला पाठवला. आजी एव्हाना कराडला परतली होती. आजीचं उत्तर आलं, हात जोडल्याचं चित्र आणि पुढे फुलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. मग फोन करून सांगावं लागलं.

उन्हाळ्यात यान सुटलं तेव्हा आम्ही सगळे लॅपटॉपसमोर. शेजारी फोनवर व्हिडिओ कॉलने आई, तिच्याकडे सकाळ. आठवीतल्या मुलींची नळी त्यात होती. लेकीने त्यांना आदल्या दिवशी कार्ड करून दिलं होतं, मनापासून, असं मला तरी वाटलं. रॉकेट उठलं. यानाच्या आतून दाखवणारा कॅमेरा थरथरत होता.

"अगं बया, केवढं हलतंय," आई फोनमधून म्हणाली. "ह्यात कुठलं दही लागायचं!"

"आजी, तेव्हा चिमटा बंद असतो गं," लेक म्हणाली. "पाणी वेगळं, पावडर वेगळी. नंतर उघडतात."

"मग नंतर न्हाई ना हलवत?"

लेक थांबली. "तेच बघतेय," ती म्हणाली. "चिमटा न काढता, फॉर्मॅलिन आधीपासूनच आत, पण कशात तरी गुंडाळून, जे हळूहळू विरघळेल..."

"थांब," आई म्हणाली, "दूध वर आलं," आणि फोनमध्ये बराच वेळ नुसतं छत दिसत राहिलं.